कोर्स फोनवर, अभ्यास मंडळीत

तुमच्या मोबाईलमध्ये अर्धवट सोडलेले ऑनलाइन कोर्स किती आहेत, एकदा मोजून बघा. माझे चार निघाले. चारही कोर्सची सुरुवात दणक्यात झाली होती. पहिला आठवडाभर रोज रात्री जेवणं झाली की इअरफोन लावून बसायचं, नवी वही, मथळ्याला लाल पेन. दुसऱ्या आठवड्यात लाईट गेली म्हणून दोन दिवस राहून गेले. तिसऱ्या आठवड्यात सोयाबीन काढायला आलं. मग वही माळ्यावर गेली आणि कोर्स मोबाईलमध्येच राहिला, अधूनमधून आठवणीचे मेल पाठवत.

आपलाच आळस म्हणून मी बरेच दिवस गप्प होतो. नंतर कळलं की हे दुखणं जगभरचं आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या दोन बड्या संस्थांनी एडएक्सवर चालवलेल्या मोफत कोर्सचा हिशोब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला होता. नाव नोंदवून कोर्स एकदाही न उघडणारे तर निम्म्याहून जास्त! म्हणजे हदगाव काय आणि बोस्टन काय, एकट्यानं स्क्रीनसमोर बसणारा माणूस सारखाच.

हे सगळं आठवलं ते एका वेगळ्याच अभ्यासामुळे. थिऑलॉजी. मराठी ख्रिस्ती लोक त्याला ईश्वरविज्ञान म्हणतात. पाळक व्हायचं असेल तर हा अभ्यास लागतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण दर रविवारी संडे स्कूलमध्ये वीस लेकरांसमोर उभ्या राहणाऱ्या ताईलाही तो हवा असतो, तरुण संघ चालवणाऱ्या दादालाही, आणि ज्याला नुसते प्रश्नच फार पडतात त्यालाही. आता हा अभ्यास फोनवर आलाय. प्रश्न एवढाच की तो माझ्या एक्सेलच्या कोर्सच्या वाटेनं जाणार की पुरा होणार? आणि पुरा व्हावा म्हणून चर्चनं काय करायचं?

पैनगंगेपलीकडची सेमिनरी

हदगावहून उमरखेडचा रस्ता धरला की पैनगंगा लागते. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. त्याच रस्त्यानं पुढे शे-दीडशे किलोमीटरवर यवतमाळ शहर. आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, पण देशभर नाव असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये याच यवतमाळात सुरू झाली. तीस वर्षं ती तिथंच होती. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. एसटीनं सकाळी निघून दुपारी पोचता येईल अशा गावातली गोष्ट रात्रभराच्या ट्रॅव्हल्सवर गेली.

पुण्याला जाऊन तीन-चार वर्षं राहायचं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगायला नको. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून आलेले प्रत्येक गल्लीत आहेत. घरचं शेत कोण बघणार, धाकटीच्या फीचं काय, आणि मुलगी असेल तर घरातून सोडणार कोण? आणि गेलेला परत येईल याची खात्री नाही. शहरात शिकलेला पाळक तालुक्याच्या लहान मंडळीत, तुटपुंज्या पगारावर येऊन राहणं अवघडच असतं. यात त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही.

नेमक्या याच अडचणीतून एक मार्ग निघाला, आणि तो निघाला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला या छोट्या देशात. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लोकांना कळून चुकलं की राजधानीत आणून शिकवलेली मुलं खेड्यात परत जात नाहीत, आणि खेड्यापाड्यात खरोखर मंडळ्या सांभाळणारे शेतकरी-मजूर राजधानीत येऊ शकत नाहीत. त्यांनी आधी सेमिनरीच राजधानीतून उचलून गावाकडे नेली. तरीही सगळ्यांना येता येईना. मग १९६३ पासून त्यांनी उलटं केलं. विद्यार्थ्यांनी घरीच पुस्तकावरून शिकायचं, आणि ठरल्या दिवशी शिक्षकानं जवळच्या गावात जाऊन त्यांच्याबरोबर बसायचं. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर ही त्यामागची नावं. या पद्धतीला ‘थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन’ म्हणतात. भारतात १९७१ मध्ये बेंगळुरूला याच कामासाठी टॅफ्टी नावाची संस्था निघाली.

या पद्धतीत पुस्तकाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट होती आणि आजच्या ऑनलाइनच्या गडबडीत तीच सुटून जाते. आठवड्याची बैठक. घरी एकट्यानं धडा वाचायचा, उत्तरं लिहायची, आणि मग सगळ्यांनी जमून ‘हे आपल्या गावात कसं लागू पडतं’ यावर बोलायचं. बैठकीला रिकाम्या वहीनं जायची लाज वाटते. अभ्यास पुरा होण्याचं अर्धं कारण ही लाज असते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता काय-काय मिळतं?

भरपूर मिळतं. इतकं की त्यानंच गोंधळ होतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं क्रिस्टीन हेज यांची जुन्या करारावरची चोवीस व्याख्यानं आणि डेल मार्टिन यांची नव्या करारावरची सव्वीस व्याख्यानं कधीचीच मोफत ठेवलीत. येलमध्ये मुलं लाखो रुपये मोजून जो वर्ग ऐकतात तो तुम्ही हदगावच्या बसस्टँडवर बसून ऐकू शकता.

रीतसर पदवी हवी असेल तर सेरामपूर. (श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला नगरकडचे साखर कारखाने आठवतात. हे ते नव्हे. हे बंगालमधलं, हुगळीच्या काठचं.) विल्यम कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ मध्ये तिथं कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद मिळाली ती डेन्मार्कच्या राजाकडून. पुढे १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळानं त्याचा कायदा केला. देशातल्या अनेक सेमिनऱ्या आजही सेरामपूरच्या सेनेटशी जोडलेल्या आहेत. नोकरी-शेती सांभाळत घरून अभ्यास करणाऱ्यांसाठी सेनेटचे ख्रिश्चन स्टडीजचे बहिःस्थ अभ्यासक्रमही आहेत. तुमच्या माहितीसाठी सांगतो, याच कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं. त्यामुळे सेरामपूर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

आता एक सावधानता. ‘सहा महिन्यांत डॉक्टरेट, परीक्षा नाही, झगा-टोपीसह’ असल्या जाहिराती तुमच्याही व्हॉट्सॲपवर आल्या असतील. पैसे भरण्याआधी विचारायचं की ही पदवी कोण देतं आणि त्यांना तो अधिकार कुणी दिला. सेरामपूरच्या सेनेटशी संस्था जोडलेली आहे का? किंवा आशियातल्या सेमिनऱ्यांना मान्यता देणाऱ्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या यादीत आहे का? दोन्हीकडे नाव नसेल तर संस्थेला निदान एक साधा फोन करा, शिकवणार कोण ते विचारा. उत्तर देताना समोरचा फीवरच घसरत असेल तर फोन ठेवून द्या.

रात्री अकराचा प्रश्न

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. धरून चालू की हदगावातला एक पोरगा, बीए झालेला, दिवसा मोबाईलच्या दुकानात काम करतो, आणि रात्री हेजबाईंची व्याख्यानं ऐकतो. संडे स्कूलमध्ये तो शिकलाय की जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिहिली. आणि इथं रात्री अकरा वाजता, गादीवर पडल्या पडल्या, एक प्राध्यापक शांतपणे सांगतायत की बऱ्याच अभ्यासकांना त्या पुस्तकांत वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या हातांचे धागे दिसतात.

त्या पोरानं काय करावं? आईला विचारायची सोय नाही, ती घाबरेल. पाळकसाहेबांना विचारलं तर ‘कुठनं शिकून आला हे?’ असं म्हणतील की काय, ही धास्ती. मग अशा एकट्या पोराचे दोन प्रकार होतात. एक जण व्हिडिओ बंद करतो आणि पुन्हा उघडतच नाही. दुसरा सगळं ऐकतो आणि रविवारी उपासनेनंतर पायरीवर उभा राहून म्हाताऱ्या वडीलमंडळींना ‘तुम्हाला काहीच माहीत नाही’ असं सुनावतो. पहिल्याचा अभ्यास जातो, दुसऱ्याची माणसं जातात.

म्हणून मला वाटतं, चर्चनं अभ्यासाला मदत करायची म्हणजे आधी कोर्सची फी भरायची असं नाही. आधी त्या अकरा वाजताच्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी उजेडात विचारायची जागा द्यायची. प्रश्न विचारला म्हणून कुणाचा विश्वास मोजायचा नाही. हे बोलायला सोपं आहे. करायला पाळकाकडे मोठं मन लागतं, कारण पोरगं आता त्याच्यापेक्षा एखादी गोष्ट जास्त वाचून येणार असतं. यावर एक साधा उपाय आहे. पाळकानंही त्याच कोर्सला नाव घालावं. खेड्यापाड्यातल्या कितीतरी पाळकांना स्वतःला पूर्ण सेमिनरी करायला मिळालेली नसते. पोरांच्या शेजारी वही घेऊन बसलेला पाळक लहान होत नाही. उलट त्या दिवशी पोरं त्याला जास्त ओळखतात.

पण एका गावात विद्यार्थी तरी किती असणार? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. त्यातले बहुतेक मुंबई-वसई-पुण्याकडे. आपल्या तालुक्यात गट जमवायचा तर हदगावात दोघं, तामस्याला एक, उमरखेडला एक, नांदेडला तिघं, असे गोळा करावे लागतील. इथं मात्र फोन कामाला येतो. आठवड्याला एकदा व्हिडिओ कॉलवर सात चौकोन, आणि महिन्याला एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष जमायचं, डबे घेऊन. चर्च वेगवेगळ्या पंथांची असली तर? असू द्या की. बाप्तिस्म्यावरून एकमेकांशी भांडण्याइतका अभ्यास तरी होईल!

मिळून ग्रंथ वाचणं ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट नाही. याच नांदेडात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं, आणि तिथं वाचायला-ऐकायला जमणाऱ्या लोकांना शब्दच ‘संगत’ आहे. पावसाळ्यात वर्षावास सुरू झाला की विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन सुरू होतं. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, मधेच एखादी आजी प्रश्न विचारते. सप्ताहातलं पारायण तर आपण पाळण्यापासून ऐकतो. आणि ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चला मराठीत काय म्हणतो? मंडळी.

खंडणी कुणाला दिली?

गटात बसण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. भाषा. वरचा जवळपास सगळा अभ्यास इंग्रजीत आहे. एकट्यानं ऐकताना इंग्रजी शब्द कानावरून जातो आणि समजल्यासारखा वाटतो. तोच मराठीत दुसऱ्याला सांगायला गेलं की कळतं, आपल्याला काहीच कळलेलं नाही.

उदाहरण घ्या. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव ‘रॅन्सम’ म्हणून देतो असं इंग्रजी व्याख्यानात येतं. मराठी पवित्र शास्त्रात तिथं शब्द आहे ‘खंडणी’. आता आपल्या पेपरात खंडणी म्हटलं की काय बातमी असते ते सांगायला नको. गटात हा शब्द निघाला की हमखास कुणीतरी विचारणार की मग ही खंडणी दिली कुणाला? देवानं कुणाला खंडणी द्यायची?

हसू येईल, पण हा प्रश्न अठराशे वर्षं जुना आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या पंडितानं म्हटलं, सैतानाला दिली, कारण माणूस त्याच्या कैदेत होता. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अँसेल्मनं हे उडवून लावलं. सैतानाचं कसलं आलंय देणं? माणसानं देवाचा मान राखला नाही, ते देणं देवाचं होतं आणि ते फेडलं गेलं, असं त्याचं म्हणणं. अँसेल्म ज्या जगात राहत होता तिथं सरदार, निष्ठा आणि मान यांनाच किंमत होती, म्हणून त्याचं उत्तरही तसंच आलं. मग मराठवाड्यातल्या माणसाचं उत्तर कसं येईल? ज्याच्या घरात सावकाराचं देणं तीन पिढ्या फिटलं नाही त्याला ‘देणं फेडलं गेलं’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल? आणि ‘तारण’ या शब्दाचं काय? चर्चमध्ये तारण म्हणजे उद्धार, आणि सोमवारी बँकेत गेलं की तारण म्हणजे आईचं गंठण. हे येलच्या प्राध्यापकांना सुचणार नाही. हे हदगावच्या गटालाच सुचेल, आणि थिऑलॉजी म्हणतात ती इथं सुरू होते.

आधीच्या लोकांनी हे काम केलेलंही आहे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बाईमाणसाला समजेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्याच्या छपाईचं काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी केलं. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ केलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. मराठवाड्याच्या मांडवात एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष म्हणून बसला होता, ही काही जुनी गोष्ट नाही. गटातल्या प्रत्येकानं एक इंग्रजी धडा मराठीत पाच मिनिटं सांगायचा, एवढा नियम केला तरी रमाबाईंचं काम थोडं पुढे जाईल.

पैशाचं बोलू

फीचं काय करायचं? वर ज्या अमेरिकन हिशोबाचं सांगितलं त्यातच एक गंमत आहे. २०१७-१८ मध्ये पैसे भरून प्रमाणपत्राला नाव घातलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी कोर्स पुरा केला. फुकटात शंभरातले तीन, पैसे भरून निम्मे. अर्थात पैसे भरणारा आधीच जिद्दीचा असतो, हेही खरं. तरी मला वाटतं चर्चनं सगळी फी भरू नये. थोडी विद्यार्थ्यानं भरावी, अगदी दोनशे रुपये का असेना. बाकीची मंडळीनं भरावी, आणि ती कुण्या एका श्रीमंत माणसाच्या खिशातून नाही. रविवारच्या दानातून दिली की पन्नास माणसं विचारतात, ‘काय रे, कुठवर आलं?’

आणि पैशापेक्षा महाग चीज म्हणजे वेळ. प्रत्येक चर्चमध्ये एक-दोनच पोरं अशी असतात की ज्यांना सगळी कामं येतात. माईक तेच लावतात, संडे स्कूल तेच घेतात, नाताळच्या नाटकात योसेफ तेच, आणि सतरंज्या उचलायलाही तेच. अभ्यासाला नाव घालणारीही नेमकी हीच पोरं. चर्चनं त्यांना आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी दिली तर ती मोठी शिष्यवृत्ती होईल. योसेफ दुसरा कुणीतरी होईल. ताई असेल तर आणखी एक. महिला मंडळानं तिच्या घरी जाऊन सासूला सांगावं की बुधवारी सात ते नऊ ही आमची आहे. सासूबाई महिला मंडळाचं ऐकतात. पाळकाचं ऐकतीलच असं नाही.

मग राहतं काय? हॉलमधला टीव्ही, जो वर्षातून एकदा लागतो. कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट. एक फळा. चहासाठी स्टोव्ह. आणि हॉलची किल्ली, जी बहुतेक चर्चमध्ये एकाच माणसाकडे असते आणि तो माणूस नेमका बुधवारी संध्याकाळी शेतात असतो. गट सुरू करायचा असेल तर त्या किल्लीची दुसरी बनवून घ्या. बाजारात पन्नास-साठ रुपयांत होते.